आधी काटा, मग पाटा

"मिस्त्री, गाडी दोन इंच वर करून द्या ना."

बडनेरा ते मूर्तिजापूर, मूर्तिजापूर ते अकोला. हमरस्त्याच्या कडेला जिथं जिथं कमान-पाट्याचं दुकान आहे, तिथं तिथं पिकअपवाल्याची ही मागणी कानावर पडते. दोनच का? दीड का नाही? तीन का नाही? मालकाला विचारा. शेजारच्यानं दोन केले, म्हणून दोन.

शेजारी कापूस भरतो, हा संत्री भरतो. शेजाऱ्याची गाडी जुनी, पाटे बसलेले. याची गाडी कालची. तरी माप एकच!

सदऱ्याचं कापड घेताना आपण स्वतःच्या अंगाचं माप देतो, शेजाऱ्याच्या नाही. लाखो रुपयांच्या गाडीला मात्र उसनं माप चालतं.

गाडी उचलणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. वऱ्हाडात काही जणांना ती उचलावीच लागते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, आणि खोल काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते. ओली झाली की चाकाला अशी चिकटते की टायरच्या खाचा बुजून जातात. दुकानात ऐटीत दिसणारी जाड नक्षी दहा पावलांत गुळगुळीत.

अशा मातीतून सोयाबीन बाहेर काढायचं. वेळ ऑक्टोबरची, परतीचा पाऊस डोक्यावर. गाडी खाली घासते. मग उचलायला नको?

हवी. पण उचलतो काय, हे आधी बघा.

पिकअपला मागं सरळ एक्सल असतो. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा. जमिनीपासून सर्वांत खाली असतो तो बहुधा हाच. पाटा वाढवा, ब्लॉक घाला, शॅकल लांब करा. वर जाते चेसिस, वर जातो हौदा, वर जाते केबिन. एक्सल चाकांना जोडलेला आहे. तो कुठं जाणार?

पैसे मोजले, गाडी उंच दिसू लागली, आणि गोळा एक सूतही हलला नाही.

पांदणीत घासतो नेमका तोच. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधे मातीचा वरंबा. पिकअप त्या चाकोऱ्यांत उतरते, गोळा वरंब्यावर टेकतो आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. दोन इंच उचललेली गाडी तिथंच अडकते, जिथं न उचललेली अडकली होती.

"खाली घासते न बाप्पा!" म्हणून आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. काय घासतं, हे विचारतच नाही कोणी.

गोळा वर न्यायचा तर मार्ग एकच. चाकाचा व्यास वाढवायचा. हिशेब शाळकरी आहे. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा ७३३. व्यास वाढला ३० मिलिमीटरनं, एक्सल वर गेला त्याच्या निम्म्यानं. पंधरा मिलिमीटर.

म्हणजे अर्ध्या इंचाच्या जरा वर. पण हा अर्धा इंच खरा.

त्याचीही किंमत आहेच. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टनं धावत असेल. इंजिनाला चढावर ओढ थोडी कमी वाटेल. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की मोठा टायर मडगार्डला घासेल. इथं उचलण्याचं पहिलं खरं काम येतं. मोठ्या टायरला जागा करून देणं. टायर आधी ठरवा, तो घासतो का बघा, किती घासतो ते मोजा. मग उंचीचं बोला.

आपल्याकडे उलटं चालतं. उंची आधी, टायर दिवाळीनंतर.

टायर घेताना आणखी एक गोष्ट. भारवाहू गाडीला भारवाहू टायर. प्रवासी गाडीवरून काढलेला रुंद टायर देखणा असेल, त्याच्या कडेवर लिहिलेला भारांक वाचा. दीड टनाखाली तो किती दिवस टिकेल? टायरवाला सांगणार नाही. टायर सांगेल, चिखलदऱ्याच्या घाटात.

उचलण्याचे बाकीचे फायदे मी नाकारत नाही. पायदान वाचतं, डिझेलची टाकी दगडापासून दूर राहते, नाला उतरताना बंपर टेकत नाही, खड्ड्यात चाकाला वर यायला जागा मिळते. हे कमी नाही. पण त्यासाठी दीड इंच पुरतो. फार तर दोन.

दोनच्या पुढं गेलात की खर्च फक्त पाट्यांचा राहत नाही.

प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात. ब्रेकचा रबरी पाइप चाक खाली लोंबताना ताणला जातो. पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या फोर बाय फोरमध्ये ड्राइव्ह शाफ्ट तिरपे होतात, त्यांचं रबरी बूट फाटतं, आत माती जाते. बॉल जॉइंट त्यांच्या टोकाला जाऊन बसतात. जुना शॉकअप प्रत्येक खड्ड्यात पूर्ण लांब होऊन ठोकर देतो. एकेक भाग बदलत बसा. दुकानदाराला घाई नाही.

आता मुद्द्याचं. पाटा निवडायचा कशावरून?

वजनावरून. उंचीवरून नाही.

स्प्रिंगचं काम वजन पेलणं. उंची हा त्या पेलण्याचा परिणाम. ऑस्ट्रेलियात शेतावरच्या पिकअपसाठी 'ओल्ड मॅन एमू'सारख्या नावाजलेल्या स्प्रिंगा मिळतात. तिथं एकाच गाडीला, जवळपास एकाच उंचीसाठी, वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा असतात. गाडीवर कायमचं किती ओझं असतं, हे आधी सांगावं लागतं. किलो आधी, इंच नंतर. आपल्या इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सवाल्याला हाच प्रश्न विचारला जातो. बोलेरो पिकअपवाल्याला का नाही?

तो तर रोज ओझं वाहतो. हायलक्सवाला बहुतेक रविवारी.

म्हणून पहिलं काम धरमकाट्यावर. रिकामी गाडी काट्यावर घाला. नुसतं एकूण वजन घेऊन परतू नका. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, पावती घ्या. मग फक्त मागची. दुसरी पावती. मग रोजचा माल भरून तेच पुन्हा. बाजार समितीच्या आसपास काट्यांची वाण नाही, आणि चार पावत्यांना एका पाट्याइतकेही पैसे पडत नाहीत.

रिकाम्या आणि भरल्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. चारही कोपऱ्यांवर. सपाट जमिनीवर. या आकड्यांचा कागद घेऊन दुकानात जा. ज्या मिस्त्रीला काम येतं, तो कागद बघून खूश होतो.

ज्याला येत नाही, तो म्हणतो, "कागद कायले पायजे भाऊ?"

तिथून निघा.

कारण पाट्याच्या गणितात अंदाज चालत नाही. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनानुसार वाढतो. सात मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला. एकच मिलिमीटर! डोळ्याला फरक कळणार नाही. तो पाटा जवळपास दीडपट ताठ झालेला असतो. असे दोन-तीन घाला आणि रिकामी गाडी वलगाव रस्त्यावरून न्या. कंबर सांगेल.

संत्रीही सांगतील. वरूड-मोर्शीचा माल कॅरेटमध्ये भरून निघाला, गाडी ताठ, प्रत्येक धक्का थेट फळाला. बाजारात कॅरेट उघडलं की तळाच्या थरातली फळं दबलेली. शेतकऱ्याला वाटतं, तोडणाऱ्यानं निष्काळजीपणा केला. निष्काळजीपणा झाला होता पाट्याच्या दुकानात.

आणि इथं खरं दुखणं उघडं पडतं. बहुतेकांना गाडी उचलायची नसतेच. जास्त भरायचं असतं. "पाटा वाढवून द्या" याचा अर्थ "अर्धा टन जास्त बसू द्या".

पाटा वाढवला म्हणून चेसिस जाड होते का? ब्रेकचा ड्रम मोठा होतो? एक्सलचं बेअरिंग बदलतं? टायरचा भारांक वाढतो?

वाढतो फक्त आत्मविश्वास.

गाडी मागून बसलेली दिसत नाही, एवढाच फरक. बसलेली गाडी निदान सांगत तरी होती, की बाबा, पुरे. तिचं तोंड आपण बंद केलं. पण धरमकाटा फसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. अर्धा टन जादा सोयाबीनच्या भाड्यात किती सुटतात? गुणाकार करा.

दोन टन भरायचेच असतील तर दोन टनांची गाडी घ्या. टाटानं २०२२ मध्ये योद्धा २.० दोन टनांच्या क्षमतेसह आणली. महिंद्रानं २०२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअप दोन टनांपर्यंत नेली. त्यांनी नुसता पाटा घालून ही क्षमता मिळवलेली नाही. आपण एका दुपारी मिळवू पाहतो.

बरं, वजनाचा हिशेब झाला. गरज खरी निघाली. गाडी जुनी आहे, पाटे बसलेत, दीड इंच हवा आहे. मग काय घालायचं?

सर्वांत चांगलं म्हणजे नवा पूर्ण संच. मापाप्रमाणे जरा जास्त कमानीचा, वजनाप्रमाणे जाडीचा. महाग पडतो, पण पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि ताण सगळ्यांत वाटला जातो. पैसे कमी असतील तर कमानीचा एक जादा पाटा, तोही लांब आणि पातळ. आखूड जाड पाटा स्वस्त मिळतो. त्याच्या टोकाशी वरचा पाटा मोडतो. मोडलेला पाटा पाहायचा तर कुठल्याही दुकानाबाहेरचा भंगाराचा ढीग बघा. तुटलेली जागा बहुधा तीच, जिथं आखूड पाटा संपतो.

भंगारातला ट्रकचा पाटा गॅसनं कापून बसवणारेही आहेत. जुन्या पाट्याला गॅसनं लाल करून कमान भरणारे आहेत. पाट्याचं पोलाद स्प्रिंगचं असतं. कारखान्यात ते तापवून तेलात विझवतात, मग ठरावीक उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. रस्त्याकडेच्या गॅसनं लाल केलं, की ती सगळी मेहनत गेली. राहते ती लोखंडी पट्टी. पहिल्या दिवशी कमान देखणी. पुढच्या हंगामात गाडी होती तिथं, आणि पैसे दुकानात.

जुन्या पाट्यांना थंड स्थितीत नीट ठोकून कमान देणारे कसबी मिस्त्री अजून आहेत, आणि त्यांच्या हाताला मी मान देतो. पण तेही खरं तेच सांगतात, की थकलेला पाटा पुन्हा बसणार. असं स्वतःहून सांगणारा मिस्त्री मिळाला तर त्याचं दुकान सोडू नका.

लांब शॅकल? स्वस्त आणि झटपट. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी सुमारे एकच इंच वर जाते, कारण पाट्याचं एकच टोक हलतं. वर एक्सल किंचित फिरतो, शाफ्टचा कोन बिघडतो. पुढं पाटे असलेल्या गाडीत हाच उद्योग केला तर स्टिअरिंगचा सरळपणा जातो. हात सैल सोडला की गाडी भटकते.

ब्लॉक? मागं, एकच, ओतीव किंवा भरीव, वर खुंटी आणि खाली भोक असलेला, पाट्याच्या सेंटर बोल्टशी तंतोतंत बसणारा. सोबत नवे लांब यू-बोल्ट. एवढं सगळं असेल तर एक-दीड इंचाला चालेल.

ब्लॉकवर ब्लॉक कधीच नाही. पुढच्या एक्सलवर ब्लॉक तर मुळीच नाही. ब्रेक दाबला की पुढच्या एक्सलला पीळ बसतो, ब्लॉक सरकला की स्टिअरिंग हातात राहतं आणि चाकं दुसरीकडं जातात. यावर चर्चा नको.

पुढं कॉइल स्प्रिंग असेल तर स्प्रिंगच बदलावी. शॉकअपच्या डोक्यावर चकती बसवून उंची वाढवणारे भेटतील. त्यांना विचारा, एक इंचाची चकती घातली की चाकापाशी किती वाढेल? बऱ्याच गाड्यांत जवळपास दुप्पट. कारण स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसलेली असते. दोन इंच मागणारा चार घेऊन घरी जातो. टॉर्शन बार असेल तर बोल्ट आवळून उंची फुकटात मिळते. फुकटच्या उंचीत चाकाला खाली जायची जागा संपते, खड्ड्यात चाक लटकतं आणि गाडी आपटते.

आणखी एक हौस. रिकामी पिकअप मागून उंच दिसते, म्हणून पुढून उचलून समतल करायची. अरे, ती मागून उंच ठेवलीय ती भरल्यावर समतल व्हावी म्हणून! समतल केलेली गाडी भरली की नाक आकाशाकडं.

शॉकअपबद्दल कोणी बोलत नाही. तो दिसत नाही ना. उंची वाढली की त्याची लांबी वाढायला हवी, पाटा ताठ झाला की त्याचा जोरही वाढायला हवा. नाहीतर नवा पाटा उसळतो आणि जुना शॉकअप बघत बसतो. ज्यांचं बजेट तुटपुंजं आहे त्यांना माझा सरळ सल्ला. चांगले टायर आणि चांगले शॉकअप आधी घ्या. निम्म्या गाड्यांना पुढं पाट्याची गरजच भासणार नाही.

आता जरा खाली वाका. मागच्या एक्सलजवळ एक बारीक दांडी दिसेल. सगळ्या गाड्यांना नसते. ज्यांना आहे त्यांनी नीट बघा.

ही दांडी एक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत जाते. एक्सल आणि चेसिस यांच्यात अंतर किती, एवढंच ती व्हॉल्व्हला सांगते. अंतर कमी, म्हणजे गाडी भरलेली, मागच्या ब्रेकला पूर्ण जोर द्या. अंतर जास्त, म्हणजे गाडी रिकामी, मागचा जोर आवरा, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी फिरेल. साधी, शहाणी रचना.

तुम्ही ब्लॉक घातला. अंतर कायमचं वाढलं. हौद्यात दीड टन तूर, आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी.

भरलेल्या गाडीचा मागचा ब्रेक अर्ध्या जोरानं लागतो. चालकाला वाटतं, लायनर झिजले. लायनर बदलतो. फरक पडत नाही. दांडीचा कंस उंचीच्या हिशेबानं सरकवून, मापून लावणं एवढंच काम होतं. किती दुकानांत ते करतात? गाडी परत घेताना विचारा. मिस्त्रीनं "कोणती दांडी?" म्हटलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

उलटण्याचं गणित तर आणखी सोपं. दोन चाकांतल्या अंतराचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची. हा आकडा जितका लहान, गाडी तितकी उलटायला तयार. चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर धरा, गुरुत्वमध्य ९० वर धरा. सत्तर भागिले नव्वद, ०.७८. पाच सेंटिमीटर उचला. ०.७४.

फार नाही, म्हणाल. आता कापूस भरा.

कापसाला वजन कमी, पसारा मोठा. वजन भरेपर्यंत फळ्या लावून, वर बांधून, ढीग केबिनच्याही वर जातो. गुरुत्वमध्य १२० वर गेला तर आकडा ०.५८. वर तुमचे पाच सेंटिमीटर. अकोटच्या जिनिंगकडं निघालेली अशी गाडी वळणावर एका अंगाला झुकते, तेव्हा मागच्या दुचाकीवाल्याच्या पोटात गोळा येतो. कापूस वाहणाऱ्यानं गाडी उचलण्याआधी दोनदा विचार करावा. तिसऱ्यांदाही करावा.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं, हे शब्द पुन्हा वाचा.

तुटलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा पाटा ही दुरुस्ती. त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. ब्लॉक, लांब शॅकल, मोठे टायर यांचा हिशेब वेगळा. गाडी एमएच २७ असो की एमएच ३०, भारवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला उभं राहावंच लागतं. आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्या. आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर त्यांचा माणूस गाडीखाली वाकतोच.

आता ज्या कारणानं हे सगळं करावं लागतं, त्याबद्दल.

जून २०२२. अमरावती-अकोला रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ५३. ३ तारखेच्या सकाळी काम सुरू, ७ तारखेच्या संध्याकाळी संपलं. लोणीपासून मानापर्यंत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर, सलग, १०५ तास ३३ मिनिटांत. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, २०१९ चा, सव्वापंचवीस किलोमीटरचा. आपल्या मातीत हे घडलं. भर उन्हात रात्रंदिवस डांबरापाशी उभं राहून माणसांनी ते घडवलं. मला त्याचा अभिमान आहे.

त्याच रस्त्यावरून गाडी खाली उतरवा आणि पांदणीला लावा.

तिथं घड्याळ बंद आहे.

पांदणीसाठी योजना नाही असं नाही. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं. काही गावांत रस्ते झालेही, आणि जिथं झाले तिथं फरक डोळ्यांनी दिसतो. जिथं अतिक्रमण हटलं नाही, मुरूम पडला नाही, दोन शेजाऱ्यांचं धुऱ्यावरचं भांडण मिटलं नाही, तिथं ऑक्टोबर तसाच येतो.

मालाचं भाडं महामार्गावर ठरतं, गाडी पांदणीत मोडते. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी माणूस पाटे बदलतो, टायर बदलतो, दंडाचा धोका पत्करतो, ब्रेक कमजोर करून घेतो. तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. शेतकऱ्याच्या वहीत दिसतो. पांदण फूटभर उंच आणि दोन्ही बाजूंना नाली काढलेली असती, तर दोन इंचांसाठी रांगेत उभे असलेल्यांपैकी किती जण घरी गेले असते?

ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. मिस्त्रीकडं जाणारे सगळे एकदा तिथं गेले तर सरपंचाला खुर्ची सोडता येणार नाही.

तोवर गाडी चालवायची आहेच. म्हणून बसवणुकीचं सांगतो, कारण चांगला माल वाईट हातानं बसवला की भंगार होतो.

शॅकलचा बोल्ट कधी आवळतात बघा. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळताहेत, आणि पोऱ्या पान्यावर उभा राहून करकचून आवळतो. मग गाडी खाली. त्या क्षणी आतला रबरी बुश पिळला जातो आणि जन्मभर पिळलेला राहतो. फार दिवस टिकत नाही, कुरकुर सुरू होते. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची, आणि शेवटची आवळणी तेव्हा करायची. खर्च शून्य. वेळ थोडा. तरी करत नाहीत.

यू-बोल्ट जुने वापरू देऊ नका. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही. नवे घाला, आणि माल भरून दोन-चार फेऱ्या झाल्या की परत जाऊन आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात, थोडी ढिलाई येते. ढिल्या यू-बोल्टमध्ये सेंटर बोल्ट कापला जातो, एक्सल तिरपा होतो, आणि गाडी खेकड्यागत चालते. मागून बघणाऱ्याला कळतं, चालवणाऱ्याला उशिरा.

अलाइनमेंट त्याच दिवशी. पुढची उंची बदलली असेल तर नुसता टो बघून भागत नाही, कॅम्बर आणि कॅस्टरही बघायला लावा. नवे टायर एका बाजूनं खाऊन गेले, की दोष टायरवाल्यावर येतो.

दुकानातून निघण्याआधी सगळी मापं पुन्हा घ्या. चारही कोपरे, तोच टेप, तीच सपाट जागा. आधीच्या कागदावर शेजारच्या रकान्यात लिहा. डावं-उजवं अर्धा इंच वेगळं निघालं तर गाडी तिथंच ठेवा. "बसून जाईल" हे उत्तर घेऊ नका. बसेल, पण एकाच बाजूनं.

आणि हेडलाइट. पुढून गाडी उचलली की झोत वर गेला. रात्री दर्यापूरच्या अरुंद रस्त्यावर समोरून दुचाकीवर नवरा-बायको, मधे लेकरू. तुमचा झोत थेट त्यांच्या डोळ्यांत. दिव्यामागं स्क्रू असतो. गाडी भिंतीसमोर उभी करून, माल भरलेला असताना, तो फिरवून झोत खाली आणायचा. पाट्याचं बिल देण्याआधी.